जिवतीत गटार लाईन: टाकायचा खर्च वेगळा, चालवायचा वेगळा

या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना आकडे निसटतात अशी तक्रार नेहमी येते, आणि या भागात आकडे जरा जास्तच आहेत. म्हणून बोललो तसंच, फक्त थोडं नीट लावून लिहिलंय.

विषय निघाला बाबांच्या फोनवरून. जिवतीच्या घरामागं ते दोन खोल्या वाढवतायत. दादा-वहिनी तिकडे राहणार, म्हणजे नवा संडास-बाथरूम आला. बाबा म्हणाले, "नवी सेप्टिक टाकी बांधू का थांबू? गटार लाईन येणार म्हणतेत. उद्या लाईन आली तर टाकीचे पैसे वाया जातील." मी म्हटलं, मी कॉम्प्युटरवाला, मला काय विचारता? तर म्हणे, "इंजिनियर हायेस ना? सांग की मग."

एवढ्यावरून मी तीन आठवडे गटारीच्या मागे लागलो. केंद्र सरकारचं मलनिस्सारणाचं मॅन्युअल वाचलं, एका सिव्हिलवाल्या मित्राचं डोकं खाल्लं, वाई आणि सिन्नरबद्दल मिळेल ते वाचलं. त्यातून जे कळलं ते असं: लाईन येणार की नाही हा प्रश्न नंतरचा आहे. आधी दोन गोष्टी विचारायला हव्यात. लाईनमध्ये वाहायला पाणी आहे का? आणि लाईन टाकून ठेकेदार निघून गेल्यावर ती रोज चालवायचे पैसे कोण देणार?

आत्ता काय आहे

बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी थोडक्यात. जिवती चंद्रपूर जिल्ह्यात, माणिकगडच्या डोंगरावर, तेलंगणाच्या सीमेला लागून आहे. आधी हा भाग राजुरा तालुक्यात होता. कोलाम आणि गोंड समाज इथला जुना. 1972 च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून बरीच कुटुंबं इथं आली, आमचे आजोबा त्यांच्यातलेच. 2014 साली तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायचं राज्य सरकारनं ठरवलं, आणि जिवतीही नगरपंचायत झाली. गाव वाढतंय. तहसील, बाजार, शाळा, वसतिगृहं, भाड्याच्या खोल्या, सगळं एकाच ठिकाणी येतंय.

घरोघरी संडास झाले, ही चांगलीच गोष्ट. पण संडासाच्या पुढे काय? कुणाकडे सेप्टिक टाकी आहे, कुणाकडे नुसता खड्डा. मोरीचं पाणी रस्त्याच्या नालीत जातं. काही टाक्यांचं वरचं पाणीही त्याच नालीत सोडलेलं असतं. आमच्या जुन्या टाकीचंही तसंच होतं, खोटं कशाला बोलू? टाकी बांधल्यापासून बारा वर्षांत एकदाही उपसली नव्हती. उन्हाळ्यात शेजारच्या काकू म्हणायच्या, "बाप्पा, तुमच्या घरापुढनं जावत नाही." आम्ही नालीला दोष द्यायचो.

खरं म्हणजे सेप्टिक टाकीत घाण नाहीशी होत नाही. जड मैला तळाशी बसतो, वरचं पाणी पुढे जातं. दोन-तीन वर्षांनी गाळ उपसला नाही तर टाकी गाळानेच भरते आणि येईल ते तसंच पुढे ढकलते. मग टाकी असून नसल्यासारखी.

पाइपला पाणी लागतं

आता भुयारी गटारीकडे येऊ. गटारीत पंप नसतो, मैला पुढे नेतं ते वाहतं पाणी. पाणी कमी पडलं की घट्ट भाग पाइपात बसतो, त्यावर आणखी बसतो आणि चेंबर तुंबतं. म्हणून मॅन्युअलमध्ये नियम आहे: दिवसातल्या सर्वात जास्त प्रवाहाच्या वेळी पाणी सेकंदाला निदान 0.6 मीटर वेगानं धावलं पाहिजे. म्हणजे पाइप स्वतःला स्वतःच धुऊन काढतो.

याच मॅन्युअलमध्ये दुसरी एक गोष्ट आहे आणि आपल्यासाठी तीच सर्वात महत्त्वाची. भुयारी गटार असलेल्या किंवा करायची असलेल्या गावात माणशी रोज 135 लिटर पाणी धरायचं. नळ आहेत पण गटार नाही अशा गावात 70 लिटर. म्हणजे गटार हवी तर आधी पाणी जवळपास दुप्पट हवं.

हिशेब करून बघू. दिलेल्या पाण्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होतं. 135 लिटरचे झाले 108. सकाळच्या गर्दीच्या वेळी प्रवाह सरासरीच्या तिप्पट धरतात. मॅन्युअलच्या उताराच्या तक्त्यातली सर्वात लहान ओळ आहे गर्दीच्या वेळी सेकंदाला 2 लिटर प्रवाहाची. एवढा प्रवाह यायला एका पाइपावर किती माणसं हवीत? गर्दीचे 2 लिटर म्हणजे सरासरी 0.67 लिटर, दिवसाचे सुमारे 57,600 लिटर. भागिले 108, म्हणजे साधारण 530 माणसं. घरटी पाच माणसं धरली तर शंभराहून थोडी जास्त घरं.

आता तेच गणित माणशी 55 लिटरवर करा. जलजीवन मिशननं गावांसाठी धरलेला आकडा हा आहे. 55 चे 80 टक्के 44. त्याच पाइपाला आता 1,300 माणसं लागतात. आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये काय होतं ते मी सांगायला नको. डोंगरावरचं गाव, विहिरी तळाला, माणसं गुंडं-कॅन घेऊन रांगेत. भांड्याचं पाणी झाडाला घालणारी आपली माणसं. त्या दोन महिन्यांत छोट्या गल्लीतल्या पाइपात काय वाहणार?

म्हणून पाणीपुरवठ्याची योजना नीट होण्याआधी गटारीची निविदा काढणं म्हणजे नांगराआधी मळणीयंत्र आणणं. यंत्र वाईट नसतं, फक्त अंगणात उभं राहून गंजतं.

उतार, खडक आणि सर्वात खालची जागा

जिवती डोंगरावर, मग उताराची चिंता नको, असं मलाही वाटलं होतं. अर्धं खरं आहे. सेकंदाला 2 लिटरच्या प्रवाहाला हजार मीटरला 6 मीटर उतार लागतो. सपाट गावात एक किलोमीटर लाईन नेली की पाइप 6 मीटर खोल जातो. आपल्याकडे जमीनच उतरती असल्यानं तेवढं खोल जावं लागणार नाही. पण डोंगरावरच्या गावाचं सगळं पाणी एकाच दिशेला उतरत नाही. एक आळी इकडे उतरते, दुसरी तिकडे. मग एक तर दोन-तीन छोटी शुद्धीकरण केंद्रं करायची, नाहीतर मधे पंप बसवायचा. पंप आला की वीजबिल आलं, आणि वीज गेली की काय, हा प्रश्नही आला. शिवाय खाली खडक लागला तर जेसीबीच्या जागी ब्रेकर येतो आणि अंदाजपत्रक फुगतं.

यातून सर्वात स्वस्त आणि सर्वात आधी करायचं काम निघतं ते लेव्हल काढण्याचं. गावाच्या प्रत्येक रस्त्याची उंची मोजून नकाशा करायचा. त्यातून कुठलं पाणी कुठे जातं ते कळतं, आणि केंद्रासाठी सर्वात खालची जागा कुठली तेही कळतं. ती जागा विकास आराखड्यात आजच राखून ठेवायची. दहा वर्षांनी तिथं घरं झालेली असतील. मग केंद्र वर आणि पाणी खाली, म्हणजे पुन्हा पंप.

जागेचा विषय आपल्या तालुक्यात साधा नाही, कारण वनजमिनीचा जुना वाद. वनहक्क कायदा, 2006 च्या कलम 3(2) मध्ये गावाच्या सोयीसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन सोप्या पद्धतीनं देता येते. त्यात 13 सोयींची यादी आहे: शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन वगैरे. मी ती यादी दोनदा वाचली. त्यात सांडपाण्याचं केंद्र नाही. म्हणजे निवडलेली जागा कागदावर वन निघाली, तर 1980 च्या वनसंवर्धन कायद्याचा लांबचा रस्ता. म्हणून सातबारा आणि वनविभागाचा नकाशा आधी, पाइपाचा व्यास नंतर.

बांधायचे पैसे

बांधायला पैसे मिळतात, हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटेल. 1 ऑक्टोबर 2021 ला स्वच्छ भारत अभियान शहरीचा दुसरा टप्पा पाच वर्षांसाठी सुरू झाला. त्यात एक लाखाखालच्या शहरांसाठी सांडपाण्याचा वेगळा भाग होता, आणि अशा शहरांच्या कामात केंद्राचा वाटा 50 टक्के. पण बारकावा असा: हा पैसा शुद्धीकरण केंद्र, नाले अडवून पाणी केंद्राकडे वळवणं, पंप, मैला उपसायच्या गाड्या यांच्यासाठी. घराघरापर्यंत गटारीचं जाळं टाकायला नव्हे. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 च्या निधीतलाही ठरावीक हिस्सा स्वच्छतेलाच वापरायची अट होती. शिवाय राज्याचं नगरोत्थान अभियान आहे, त्यात नगरपंचायतीला स्वतःचा हिस्सा घालावा लागतो.

म्हणजे बांधकामाचा मोठा भाग बाहेरून येऊ शकतो. घोटाळा पुढे होतो. आमच्या क्षेत्रात म्हणतात, ॲप लाँच एकदा होतं, सर्व्हरचं बिल दर महिन्याला येतं. गटारीचंही तसंच. उद्घाटनाला निधी मिळतो, चेंबर साफ करायला मिळत नाही.

आणखी एक खर्च सगळे विसरतात: घर ते मुख्य लाईन हा तुकडा. चंद्रपूर शहराच्या भुयारी गटार योजनेत हेच झालं. रस्ते खोदले, मोठ्या वाहिन्या आणि केंद्रांचं काम पुढे गेलं, पण घरं जोडण्याचं काम वर्षानुवर्षं मागे राहिलं. घरं जोडली नाहीत तर केंद्राला पाणी नाही, पाणी नाही तर केंद्र बिघडतं.

यावर एक चांगलं उदाहरण शेजारच्या देशात आहे. कराचीच्या ओरंगी वस्तीत 1980 साली अख्तर हमीद खान यांनी काम सुरू केलं. तिथं वाटणी सरळ होती. घरातला संडास आणि गल्लीतली लाईन लोकांनी स्वतःच्या पैशानं आणि देखरेखीखाली टाकायची, मोठी वाहिनी आणि शुद्धीकरण सरकारनं बघायचं. वीस-तीस घरांची एक गल्ली एकत्र यायची, एक जण वर्गणी गोळा करायचा, तंत्र शिकवायला संस्था असायची. मधला ठेकेदार गेल्यानं खर्च बराच उतरला. आपल्याकडे गणपतीची वर्गणी गल्लीवार जमते, म्हणजे पद्धत नवी नाही.

चालवायचे पैसे

आता समजा, गावात 1,000 घरं आहेत आणि लाईन, पंप, केंद्र मिळून वर्षाला 20 लाख खर्च येतो. दोन्ही आकडे हिशेबापुरते धरलेत. घरटी वर्षाला 2,000 रुपये झाले, महिन्याला 167. ऐकायला जड नाही. पण 40 टक्केच घरांनी भरले तर? भरणाऱ्यांवर 5,000 चा बोजा, नाहीतर केंद्र बंद.

टाक्या तशाच ठेवून फक्त वेळेवर उपसल्या तर? 1,000 घरं, तीन वर्षांतून एकदा. म्हणजे वर्षाला 333 टाक्या. वर्षाचे 300 कामाचे दिवस धरले तर दिवसाला एक, क्वचित दोन. एक गाडी पुरते. एका खेपेला 2,000 रुपये धरले तर वर्षाचे साधारण 6 लाख 67 हजार. घरटी वर्षाला 667, महिन्याला 56 रुपये. उपसलेला मैला सुकवायला जागा आणि केंद्र लागेल, तो खर्च यात नाही. तरीही फरक बघा.

हे माझ्या डोक्यातलं नाही. सातारा जिल्ह्यातल्या वाईनं आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनं हे करून दाखवलंय. 2011 च्या जनगणनेत वाईची लोकसंख्या 36 हजारांच्या आसपास, सिन्नरची 65 हजार. भुयारी गटार दोन्हीकडे नव्हती, सगळी भिस्त टाक्यांवर. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या मदतीनं या नगरपरिषदांनी ठरवलं की टाकी भरल्यावर फोन करायचा, ही पद्धत बंद. गाडी वेळापत्रकानं प्रत्येक घरी तीन वर्षांतून एकदा येणार. गाडी आल्यावर घरमालकानं काही द्यायचं नाही, पैसे वर्षाच्या स्वच्छता करातून आणि घरपट्टीतून. ठेकेदाराला पैसे उपसलेल्या टाकीमागे. उपसलेला मैला शेतात किंवा नाल्यात नाही, मैला शुद्धीकरण केंद्रात. वाईचं केंद्र 2018 मध्ये सुरू झालं, क्षमता दिवसाला 70 हजार लिटर.

कर आकारायचा अधिकार आपल्या नगरपंचायतीलाही आहे. राज्याच्या 1965 च्या नगरपरिषद, नगरपंचायत कायद्यात संकलित मालमत्ता करात स्वच्छता कर धरता येतो. प्रश्न फक्त तेवढं सभागृहात बोलायच्या तयारीचा. कर वाढवा म्हणणारा निवडून येत नाही, असं म्हणतात. पण टाकी तुंबल्यावर खाजगी गाडी बोलावली की एका झटक्यात किती जातात, ते ज्यानं दिलेत त्याला विचारा.

आणि गाडी हवीच. सुरक्षेची साधनं न देता माणूस आत उतरवून गटार किंवा टाकी साफ करून घेणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. टाकीतला वायू दिसत नाही. पहिला आत पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि दोघंही जातात. "पाचशे रुपयांत करून देतो" म्हणणारा मिळाला तरी हो म्हणू नका.

मग जिवतीत काय आधी?

मला पटलेला क्रम असा.

पहिलं, घरोघरच्या टाक्यांची यादी: आहे का, किती मोठी, शेवटची कधी उपसली, पाणी कुठे सोडलंय. कॉलेजची मुलं मोबाइलवर महिनाभरात करतील.

दुसरं, वेळापत्रकानं उपसणं. केंद्र एकट्या जिवतीला परवडत नसेल तर शेजारच्या नगरपंचायती-नगरपरिषदांनी मिळून करावं. घाट उतरून मैला न्यायचा खर्च आहेच, पण तो आधी मोजून तरी बघू.

तिसरं, लेव्हलचा नकाशा आणि खालची जागा राखणं.

चौथं, काँक्रीट रस्ता करण्याआधी खाली पाइप, निदान बाजाराच्या आणि दाट वस्तीच्या रस्त्यांत. आज रस्ता आणि दोन वर्षांनी खोदकाम, असं केलं तर एकाच रस्त्याचे पैसे दोनदा जातात.

पाचवं, गटार सुरू करायची ती बाजार, बसस्टँड, वसतिगृहं अशा दाट ठिकाणी, जिथं पाणीही जास्त वापरलं जातं. बाकी वस्तीत टाक्या राहू द्यायच्या आणि गरज पडेल तेव्हा टाकीचं फक्त वरचं पाणी आणि मोरीचं पाणी नेणारी लहान लाईन टाकायची. घट्ट भाग टाकीतच थांबतो, त्यामुळे ही लाईन कमी पाण्यावर चालते, बारीक आणि उथळ असली तरी भागतं. फक्त टाकी वेळेवर उपसायला हवी. म्हणजे दुसरा मुद्दा नसेल तर पाचवाही नाही.

बाबांना काय सांगितलं

टाकी बांधा. थांबू नका. पण तीन गोष्टी करा. दोन कप्प्यांची, तळ पक्का, आणि वर उघडता येईल असं झाकण ठेवा, फरशी मारून बुजवू नका. टाकी घराच्या रस्त्याकडच्या बाजूला घ्या, म्हणजे गाडीची नळी पोचेल आणि उद्या लाईन आली तर चार-पाच मीटर पाइपात जोडणी होईल. आणि वरचं पाणी नालीत सोडू नका, शोषखड्ड्यात सोडा, विहीर-बोअरपासून 18 मीटर तरी लांब. काळी माती असेल तर पाणी लवकर मुरत नाही, म्हणून खड्डा मोठा घ्या. आणि खाली भेगांचा खडक लागला तर 18 मीटरही पुरत नाहीत, म्हणून जमेल तेवढं लांब.

बाबा म्हणाले, "रस्त्याकडं तर तुझ्या आईची तुळस हाय." ते अजून ठरायचंय. जुनी टाकी मात्र गेल्या महिन्यात गाडी बोलावून उपसून घेतली. गाडी डोंगराखालून आली, तिच्या भाड्यातच निम्मे पैसे गेले. काकूंचा फोन आला होता, वास कमी झालाय म्हणे.

तुमच्या गावात नगरपंचायत टाक्या उपसते का, आणि किती घेते, हे नक्की कळवा. पुढच्या भागात त्यावरच बोलू.